अकरा एकर मत्सर

समस्त तंजावरकरांस, तसेच महाराष्ट्रातील सुजाण वाचकांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, खाली सही करणारा इसम, वय छप्पन्न, प्रकृती धडधाकट, घरी बायको-मुलं असलेला, देवदर्शन न चुकवणारा, हा गेली तीन वर्षे एका सत्तर वर्षांच्या बाईवर जळत आहे. कारण: तिच्या शेतात उतरणारे बगळे. सदर इसमाने छातीतल्या जळजळीबाबत डॉक्टरांचा सल्ला घेतला असता डॉक्टरांनी कॉफी कमी करायला सांगितली. निदान साफ चुकलेले आहे, याची सर्वांनी नोंद घ्यावी.

सही: भीमराव.

माझी थोरली बहीण सोनाक्का घरात मराठी बोलते, पण वाचते तमिळ. देवनागरी तिला लागत नाही. आणि जिच्यावर मी जळतो त्या अंजलैअम्माला कुठलीच लिपी येत नाही. त्यामुळे दोघींबद्दल मी निर्धास्तपणे लिहितो आहे. इतकं सुरक्षित लेखन तुमच्याकडच्या कुणाच्याही वाट्याला येत नसेल.

आधी माझा धंदा काय ते सांगतो, कारण तो एकदा सांगून कुणालाच कळत नाही. आमच्या भागात एक मोठा रस्ता झाला आणि त्याच्याखाली एक तळं गेलं. परवानगी देताना अट पडली होती: जेवढी पाणथळ जागा गाडाल तेवढी दुसरीकडे तयार करा आणि तिथे पाखरं नांदवून दाखवा. मग रस्ता करणाऱ्या कंपनीने पापनाशमच्या अलीकडे अकरा एकर भातशेती विकत घेतली आणि तिथे पाखरं नांदवायला माणूस शोधला. तो मी.

त्याआधी बावीस वर्षं मी बियाणं आणि कीटकनाशकं विकणाऱ्या कंपनीत होतो. गावोगाव फिरून शेतकऱ्यांना पाखरं कशी हाकलायची हे शिकवायचो. चकाकत्या फिती बांधा, डबे वाजवा, बुजगावण्याचा सदरा आठवड्याला बदला. भाताच्या ओंबीवरून मुनियांचा थवा उठवण्यात तंजावर जिल्ह्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. अशा माणसाला पाखरं बोलावण्याच्या कामावर बसवणं म्हणजे जन्मभर वरातींवर दगड मारणाऱ्याला लग्नं जमवायला बसवण्यासारखं. पण पगार बरा होता आणि माझं नवं कार्ड फार देखणं होतं.

गावात पहिल्या दिवशी झालेला संवाद असा:

"काय पेरणार, सार?"

"काही नाही."

"मग उगवणार काय?"

"पाखरं."

"किलोला काय भाव?"

आमच्याकडे कावेरीचं पाणी दाराशी येतं. अशा मुलखात जमीन न पेरता ठेवणं म्हणजे सणाच्या दिवशी दारात कोलम, म्हणजे रांगोळी, न घालणं. पडीक जमिनीला तमिळमध्ये तरिसु म्हणतात. आणि आम्ही इथले मराठी, पिढ्यान्‌पिढ्या सगळे 'राव'. तेव्हा आठवड्याभरात माझं नाव 'तरिसु राव' पडलं. मागे कुणी पूर्वज तलवार घेऊन आले, कुणी पोथी घेऊन आले. आमच्या कुळाची कीर्ती अखेर पडीक जमिनीवर येऊन टेकली.

मी काम मात्र झोकात केलं. मशीन लावून शेताचे सगळे वरंबे सपाट केले. मधोमध छातीइतकं खोल मोठं तळं खणलं. तळ्यात बेट, बेटावर पाणगवत, काठाने अर्जुनाची रोपं, भोवती तारेचं कुंपण आणि दर्शनी बाजूला असा सुरेख बोर्ड, की पहिल्या वर्षी एक खंड्या येऊन त्याच्यावरच बसला. तो माझा पहिला पक्षी. वर्षभर तोच माझा एकुलता एक पक्षी होता.

कारण बाकीचे सगळे अंजलैअम्माकडे होते.

आमच्या जमिनीच्या पश्चिम कडेला, तीन बाजूंनी आमच्या कुंपणाने वेढलेलं तिचं एक मा शेत आहे. मा म्हणजे साधारण एकराचा तिसरा हिस्सा. पूर्वी ही सगळी जमीन ती आणि तिचा नवरा कुळाने कसत. मालकाने जमीन विकली तेव्हा तिच्या वाट्याला हा तुकडा आला, आणि तो तिने कुणालाही दिला नाही. तिच्या शेताचं पाणी आमच्या जमिनीतल्या पाटातून जायचं. बाई किडकिडीत, साडी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, तोंडात पान. आवाज मात्र असा, की हात न दाखवता बस थांबते.

रोज सकाळी सातला मी माझ्या तळ्याच्या काठावर दुर्बीण घेऊन उभा राहायचो. समोर आरशासारखं स्वच्छ, रिकामं पाणी. आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात तिचं ते हातरुमालाएवढं शेत: बगळे, वंचक, शेकाटे, तुतवार, चिखलात माना घालून पंगतीला बसल्यासारखे. मी तिकडे बघायचो नाही. न बघताच मोजायचो.

"राव सार," ती बांधावरून ओरडायची, "तुमची पोरं कालपण माझ्याकडं जेवून गेली!"

"आमची कुठली, अम्मा? तुमचीच ती."

"ते खरंच. माझीच."

शेजारच्या घरात जाऊन आपली पोरं ताटं चाटूनपुसून जेवतात आणि घरी आल्यावर भूक नाही म्हणतात, तेव्हा आईच्या पोटात जे होतं ते मला रोज सकाळी सातला व्हायचं. डॉक्टर म्हणाले, कॉफी.

दुसऱ्या वर्षी चेन्नईहून तपासणीच्या मॅडम आल्या. छत्री, जाड चष्मा, हातात नकाशा. चालत चालत आम्ही नेमके पश्चिमेच्या कुंपणाशी पोचलो. मॅडमनी दुर्बीण लावली आणि त्यांचा चेहरा फुलला.

"वा, भीमराव! हे छान जमवलंत हं. उथळ पाणी, चिखल, किडे. अगदी असंच हवं."

या वेळी सज्जन माणसाने काय बोलावं हे मला चांगलं माहीत होतं. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "आपला थोडाफार प्रयत्न."

"अम्मा!" पलीकडून अंजलैअम्माची तोफ मॅडमवर उडाली. "ते शेत माझं! पाखरं माझी! त्याचं तळं पाठीमागं, तिकडं!"

मॅडम सावकाश वळल्या. तळ्याकडे बघितलं. खंड्या बोर्डावर होता. "खोल आहे," एवढंच म्हणाल्या. निघताना मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं: तिसरं वर्ष संपायच्या आत एखाद्या तरी पाणपक्ष्याने या जमिनीत घरटं करून पिल्लं काढलेली दिसली पाहिजेत. नाही दिसली तर जागा नापास. नापास झाली तर कंपनी ती विकून कुठेतरी लांब माळावर दुसरी घेणार. प्लॉट पाडणारा एकजण आधीच येऊन आमची जमीन पावलांनी मोजून गेला होता. म्हणजे तळं बुजणार, माझी नोकरी जाणार आणि अंजलैअम्माचा पाट बंद होणार. हे तिलाही ठाऊक होतं. पण त्याने तिची जीभ काही आखूड झाली नाही.

आता एक गुन्हा कबूल करतो. मॅडम गेल्या त्या आठवड्यात माझ्या जुन्या धंद्यातल्या चकाकत्या फितींचं एक बंडल मला घरी सापडलं. सापडलं म्हणजे मी माळ्यावर चढून शोधलं. एका दुपारी अंजलैअम्मा रेशनच्या दुकानात गेलेली असताना मी त्या फिती कुंपणाच्या माझ्या बाजूने, पण तिच्या शेतावर नीट उजेड पडेल अशा बांधल्या. कल्पना अशी, की तिच्याकडून उठलेली पाखरं माझ्याकडे उतरतील. पाखरं उठली. माझ्या तळ्यावरून माझ्याकडे ढुंकूनही न बघता तिरुवैयारुच्या दिशेने गेली आणि पंधरा दिवस आली नाहीत. खंड्यासुद्धा गेला.

"राव सार," संध्याकाळी बांधावरून आवाज आला, "कुणीतरी फिती बांधल्यात. कुणाचं लग्न हाय का?"

मी म्हणालो, मला काही कल्पना नाही. दुसऱ्या दिवशी फिती नव्हत्या. तिनेही पुन्हा विषय काढला नाही, आणि त्यामुळे मला पहिल्यांदा जळण्याऐवजी लाज वाटली. फार वेळ नाही, पण वाटली.

तिसरं वर्ष लागलं. पोंगल आला, आणि तपासणीला महिनाभर उरला. माझ्याकडे दोन पाणकावळे आणि खंड्या.

पोंगलच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कणू असते. शेजारच्या तमिळ घरांतून ही रीत आमच्या मराठी घरांत कधी शिरली हे आता कुणाला आठवत नाही. सकाळी अंघोळीआधी बायका हळदीच्या पानावर आदल्या दिवशीच्या भाताचे लहान लहान मुटके मांडतात: हळदीचे पिवळे, कुंकवाचे लाल, दह्याचे पांढरे, गुळाचे गोड. पान उघड्यावर पाखरांसाठी ठेवायचं आणि भावाचं कल्याण मागायचं. सोनाक्का हे दरवर्षी आमच्या गच्चीवर करते. त्या वर्षी माझ्या डोक्यात किडा वळवळला.

"आक्का, यंदा कणू माझ्या तळ्यावर ठेवू."

"तिथं कशाला रे?"

"तिथं पाखरं येत नाहीत."

"कणू भावासाठी असते. भावाच्या नोकरीसाठी नसते."

"नोकरी गेली तर भाऊ रोज तुझ्याकडेच जेवायला येईल."

आक्काने बोटांवर काहीतरी हिशेब केला. मग म्हणाली, "किती पानं मांडू?"

एक पान पुरतं. मी बारा मांडायला लावली, काठाने ओळीत. बावीस वर्षं पाखरांच्या भुकेवर व्याख्यानं दिलेल्या या माणसाला, कावळा हेही पाखरूच असतं, एवढं आठवलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर बगळे आणि बदकं शिस्तीत पानांवर बसलेली होती.

आधी एक कावळा आला. त्याने मान तिरकी करून बारा पानं पाहिली आणि जातीला जागून आप्तेष्टांना हाक मारली. दहा मिनिटांत पापनाशम तालुक्यातले झाडून सगळे कावळे हजर. पानं संपवून ते काठाने आणखी काही मिळतं का ते शोधू लागले. आक्काने हात जोडले. "बघ, किती आले! नशीबवान आहेस."

तेवढ्यात पलीकडून आरोळी आली. "अडे पाप्या!"

अंजलैअम्मा काठी उगारून कुंपणाखालून आत घुसली. सत्तर वर्षांची बाई तारेखालून इतक्या चपळाईने येऊ शकते हे मला ठाऊक नव्हतं. 'सार' वगैरे सगळं पलीकडेच राहिलं होतं; आता मी तंबी, म्हणजे धाकटा भाऊ.

"कावळे बोलावलेस, तंबी? तुझ्या अंगणात बाळंतीण बसलीय रे!"

ती पाटाकडे धावली, मी तिच्या मागे. पाटाकाठचा तो एक जुना वरंबा मशीनने सपाट केला नव्हता, कारण तिथून तिचं पाणी जायचं. वरंब्यावरच्या उंच गवतात, माझ्या हद्दीत, माझ्या, पुन्हा लिहितो, माझ्या हद्दीत, एक बदकीण पंख पसरून बसली होती. चोचीच्या टोकाला हळदीचा पिवळा, चोचीच्या मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. तुमच्याकडे हिला हळदी-कुंकू बदक म्हणतात ना, तीच. शेजारी दोन फुटलेली अंडी होती. कावळे अजून वर घिरट्या घालत होते. अंजलैअम्मा काठी फिरवत उभी राहिली आणि ते पांगेपर्यंत हलली नाही. मग आम्ही मागे सरलो.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"आठ दिवस झाले."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर दुर्बीण घेऊन तिच्या उरावर बसला असतास. बोर्ड लावला असतास."

बोर्डाचा मजकूर माझ्या डोक्यात खरंच तयार झाला होता.

"रोज सकाळी माझ्या शेताकडं टक लावून बसतोस," ती म्हणाली. "स्वतःच्या बांधाकडं एकदा तरी बघितलंस?"

आक्का मात्र खाली बसून रडायला लागली. "माझ्या कणूनं अंडी फुटली." अंजलैअम्माने तिला उठवलं आणि कामाचं बोलायला सुरुवात केली. कावळे एकदा जेवले की जागा विसरत नाहीत. उद्या याच वेळी पुन्हा येणार. फिती बांधाव्या, डबे वाजवावे, तर बदकीणच उठून जाणार. माझी बावीस वर्षांची विद्या कामाची नव्हती. उपाय आक्काने काढला: कावळ्यांना दुसरीकडे जेवायला घालायचं.

दुसऱ्या दिवसापासून सोनाक्का तंजावरहून पहिल्या बसने यायची आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, अय्यनारच्या देवळापाशी वडाखाली पान मांडायची. वर्षातून एक कणू भावाला पुरते. माझं कल्याण त्या वर्षी तीन आठवडे सलग मागितलं गेलं. पाचव्या दिवसापासून ती मुटके ठेवता ठेवता मला शिव्या द्यायची. कावळ्यांची काही तक्रार नव्हती. कॉफी न सोडताही मी ठणठणीत आहे, तो बहुधा त्याचाच गुण.

आणि दिवसभर मी आणि अंजलैअम्मा तिच्या बांधावर ताडाच्या झापाखाली राखण करत बसायचो. बदकीण सोडून बोलायला विषय भरपूर होते, आणि सगळे माझ्या चुकांचे.

"बगळ्याचा पाय एवढा," ती आपल्या पोटरीवर बोट ठेवून दाखवायची. "तुतवाराचा एवढा. तू पाणी केलंस हत्तीला."

"पुस्तकात तेवढीच खोली दिली होती, अम्मा."

"पुस्तक लिहिणाऱ्याचा पाय केवढा होता?"

तिचं दुसरं पीक उशिराचं असतं, म्हणून इतरांची शेतं कापणीसाठी कोरडी झाली तरी तिच्याकडे घोट्याएवढं पाणी टिकतं. एवढंच तिचं रहस्य. मी वरंबे मोडले तेव्हा ते घोट्याएवढं पाणीच मोडलं होतं. असं काही मी कबूल करण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात ती कावळ्यावरची नजर न काढता म्हणाली, "फिती चांगल्या होत्या त्या. नातीच्या वेणीला बांधते मी."

त्यानंतर तासभर मी फक्त कावळे बघितले.

आता तपासणीचा निकाल आधीच सांगून टाकतो, उगाच तुमच्या जिवाला घोर नको. जागा पास झाली. शेऱ्यात लिहिलंय की पश्चिमेचा अर्धा भाग उथळ करावा, वरंबे पुन्हा घालावे आणि लगतच्या शेतकऱ्याचा सल्ला घ्यावा. वरंबे घातले. अंजलैअम्मा रोज पाण्यात उभी राहून पायाने माप घेते आणि पाणी सोड किंवा अडव असं मला फर्मावते. कागदावर तिचा हुद्दा 'पाणीपातळी सल्लागार' असा आहे. माझा अजून 'साइट सुपरवायझर'. त्यावरही मी जळतो. बगळे आता माझ्याकडे येतात, पण आधी तिच्याकडे थांबून मग येतात, हे मी पाहून ठेवलंय.

आणि ज्या तळ्याच्या बदल्यात हे सगळं झालं, त्याच्यावरून माझी बस रोज जाते. तिथे कमळं होती. बस त्या जागी आली की अजून मी खिडकीतून खाली बघतो. अदलाबदल बरोबरीची झाली का, हे मला कुणी विचारलेलं नाही.

तर तो दिवस. पिल्लं अंड्यातून निघाल्याच्या दुसऱ्याच सकाळी बदकीण सातजणांना घेऊन वरंब्यावर आली. एका बाजूला माझं तळं, बेट, बोर्ड, खंड्या. दुसऱ्या बाजूला अंजलैअम्माचं शेत. मी दुर्बीण लावली. बदकीण क्षणभर थांबली, आणि सातही पिल्लांसकट तिच्या शेतात उतरली. आयुष्यात अपमान खूप सोसले, पण इतका ओळीने चालत गेलेला दुसरा नाही.

चार दिवसांनी मॅडम आल्या. तीच छत्री, तोच नकाशा. मी घरटं दाखवलं, कवचं दाखवली.

"कवचं दिसली. पिल्लं कुठायत? ती दिसली पाहिजेत."

मी बोट दाखवलं. कुंपणापलीकडे, पाटाचं पाणी शेतात पडतं तिथे भात विरळ असतो, त्या मोकळ्या पाण्यात सात पिवळे-काळे गोळे आईभोवती किडे टिपत होते. मॅडमनी मोजले, आणि मग नकाशा उघडला.

"पण भीमराव, ती जमीन तुमच्या हद्दीत नाही. आणि मागच्या वेळी त्या बाईंनीच मला सांगितलं होतं, तिथली पाखरं त्यांची." त्या तिच्याकडे वळल्या. "काय हो अम्मा, ही पिल्लं तुमची ना?"

अंजलैअम्मा बांधावर उभी होती. तीन वर्षांत या बाईने एक चिमणीसुद्धा मला दिली नव्हती. तिने पिल्लांकडे पाहिलं. आपल्या पाटाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, आणि माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे. तिने पान गालात सरकवलं, कमरेवर हात ठेवला, आणि बस थांबवणाऱ्या त्या आवाजात ओरडली:

"माझी कुठली, अम्मा? त्याचीच पोरं ती! घरी पोटभर मिळत नाही, म्हणून शेजारणीकडं जेवायला येतात!"